पहिलं गिऱ्हाईक

"काय हो बाई, घनसाळ आहे का?"

मी परड्यात धुणं वाळत घालत होते. आवाज ओळखीचा वाटला, पण बोलणं तिऱ्हाइताचं. ओले हात पदराला पुसत पुढच्या सोप्यात आले, तर उंबऱ्याबाहेर माझे वडील उभे! कपाळावर विभूतीचे पट्टे, डोक्याला पांढरी टोपी, परीटघडीचं धोतर आणि काखेत घडी घातलेली कापडी पिशवी.

"अप्पा? अहो, तुम्ही इकडं कसे? एकटेच? गाडी कुठाय?"

"एस्टीनं आलो. घनसाळ आहे का ते सांगा की."

"चेष्टा पुरे झाली. आत या आधी."

"नको. मी गिऱ्हाईक आहे," म्हणाले आणि बाहेरच्या कट्ट्यावर बसले. पिशवी मांडीवर ठेवली आणि ती हातानं सारखी करत राहिले.

गडहिंग्लजपासून पार निपाणी-कागलपर्यंत कुठंही 'बेळगुद्री बझार' म्हणून विचारा, पोरगं पण दुकान दाखवंल. त्या सगळ्या दुकानांचा हा मालक. घनसाळ म्हणजे आमच्या आजरा भागातला वासाचा तांदूळ. त्याची पोती ह्यांच्या गोदामात आढ्याला टेकलेली. आणि हा माणूस नेसरीसारख्या गावात, माझ्या मास्तर नवऱ्याच्या घरात तांदूळ मागायला आलेला! आठवड्यापूर्वीच माझा भाऊ महांतेश फोनवर बोलला होता, "अक्का, अप्पा हल्ली कायबाय करतात बघ. परवा घरात चहा घेऊन आलेल्या सुनेला विचारलं, तुम्हाला काय देऊ म्हणून." तेव्हा मी हसले होते. आता हसू येईना.

दुसरी शंका त्याहून वाईट होती. म्हटलं, ह्यांना तांदूळ नको, माप पाहिजे.

त्या मापाचं सांगायला पाहिजे. आमच्या आजोबांचं गडहिंग्लजच्या पेठेत फळीचं दुकान होतं, गिऱ्हाईक फळीबाहेर उभं राहायचं तसलं, तेव्हापासूनचं ते पितळी मापटं. कड झिजून झिजून एका बाजूला पातळ झालेली. पुढं किलोचे काटे आले, तरी दिवसाची भवानी, म्हणजे सकाळची पहिली विक्री, आमच्याकडं त्या मापट्यानंच व्हायची. तांदूळ शीग लावून भरायचा, कडेवरनं चार दाणे ओघळले पाहिजेत, आणि गिऱ्हाइकाच्या पिशवीत ओतायचा. मिळालेला पैसा कपाळाला लावायचा. एकदा ही भवानी झाली की दिवस मावळेपर्यंत मापट्यानं उंबरा ओलांडायचा नाही. ह्यात आजोबा फार कडक. शेजारच्या कासारांच्या घरात नवरी दाराशी आलेली, त्यांना ओलांडायला माप सापडेना, म्हणून ते धावत दुकानात आले. तर आजोबांनी घरातलं दुसरं माप काढून दिलं, पण भवानी झालेलं दिलं नाही.

आणि नवीन दुकान काढायचं तर पहिलं माप त्याच मापट्यानं. ज्याच्या हातनं ते ओतलं जाईल, दुकान त्याचं. कागदपत्रं मागनं होत राहायची, पण घरात सगळ्यांना त्याच क्षणाला कळायचं.

ते मापटं माझ्याकडं होतं. कसं आलं ते सांगते. आणि त्या दिवशी कोल्हापुरात महांतेशच्या सगळ्यात मोठ्या दुकानाचं उद्घाटन होतं, चारचा मुहूर्त. त्यानं फोन केला होता, "माप काढून ठेव, मी न्यायला येतो. या वेळेला परत पाठवणार नाही हं. दारातच काचेची पेटी केलीय, आत दिवा सोडलाय. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसलं पाहिजे आपण कुठनं सुरू झालो ते." मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. सकाळी उठल्यावर काय खूळ भरलं कुणास ठाऊक, मापटं फळीवरनं काढलं आणि तांदळाच्या डब्यात खाली खुपसून ठेवलं. दोन पोरांची आई मी, आणि लहान पोरीसारखी भांडं लपवत होते.

आणि अप्पा नेमका तांदूळच मागत होते!

चहा केला. कट्ट्यावरच बशीत ओतून प्यायले. म्हटलं, "आत सोप्यात पंखा आहे. गिऱ्हाईक आत येत नसतंय म्हणायला हे काय जुनं दुकान आहे?"

"गिऱ्हाइकाला आत तूच आणलंस," ते म्हणाले. "मी कुठं आणत होतो?"

हे मात्र खरं. अकरावीच्या सुट्टीत मी पुण्याला मावशीकडं गेले होते. तिथं एक दुकान बघितलं, लोक आपापल्या हातानं वस्तू घेत हिंडतायत, मालक लांब बसलाय. परत आल्यावर मी अप्पांचं डोकं खाल्लं. फळी काढा, गिऱ्हाइकाला आत येऊ द्या. अप्पा म्हणायचे, "खुळी का काय तू? लोक उचलून नेतील." आव्वा, म्हणजे आमची आई, म्हणायची, "पोरीच्या जातीला दुकानात एवढं नाक कशाला?" पण मी शाळेपासनं त्या फळीमागं वाढलेले. कुठल्या वासावरनं कुठलं पोतं उघडलंय ते मला डोळे मिटून कळायचं. मिरची, हळद, गूळ, रॉकेल, नवी पोती, सगळा मिळून एक वास असायचा, तो संध्याकाळी माझ्या वेणीला यायचा. मला तो फार आवडायचा. दुसऱ्या कुठल्या कामाची, दुसऱ्या कुठल्या घराची मी कधी इच्छाच केली नाही. मला दुकान पाहिजे होतं. बस्स.

"पहिल्या दिवशी आठवतंय का?" अप्पांनी विचारलं.

"न आठवायला काय झालं? लोकांनी दाराशी चपला काढल्या."

अप्पा खदखदून हसले. खरंच तसं झालं होतं. फळी काढली, मधे मांडण्या केल्या, टोपल्या ठेवल्या, आणि लोक देवळात आल्यासारखे चपला काढून दाराशी उभे. कुणी पुढंच येईना. शेवटी मी एका म्हातारीचा हात धरला, आत नेलं आणि साबणाची वडी तिच्या हातात ठेवली. तिनं चारदा विचारलं, "घेऊ व्हय? मीच घेऊ?" संध्याकाळपर्यंत दुकानात पाय ठेवायला जागा उरली नाही. त्या रात्री जेवताना अप्पा सगळ्यांसमोर म्हणाले होते, "पुढचं दुकान सुमीचं."

ते वाक्य मी जपून ठेवलं. आलेली स्थळं एकेक करून परतवली. आव्वा कातावली. अप्पा काहीच बोलायचे नाहीत, म्हणजे त्यांना ध्यानात आहे असं मी धरून चाललेले.

चहाचा कप खाली ठेवून अप्पा म्हणाले, "आजऱ्याचं दुकान काढलं तेव्हा तू हिरवं इरकल नेसली होतीस."

"तो विषय नको, अप्पा."

"का नको?"

"का म्हणजे? तुम्हाला ठाऊक आहे."

आजऱ्याचं दुकान म्हणजे ते 'पुढचं दुकान'. मांडण्या कुठं, गल्ला कुठं, तेलाचे डबे कुठं, सगळं मी ठरवलेलं. उद्घाटनाला आव्वानं नवं इरकल नेसवलं, अंबाडा घातला, तेव्हा म्हटलं चला, आईला पण पटलं. घनसाळाचं पोतं फोडलं. मापटं माझ्या हातात. समोर एक ठसठशीत बाई पिशवी उघडून उभी. मी वाकून तांदूळ भरणार, एवढ्यात अप्पा जवळ आले. हळूच म्हणाले, "थांब जरा." माझ्या हातातलं मापटं काढून घेतलं आणि हाक मारली, "महांतेश, ये इकडं."

महांतेश माझ्याहून लहान. सांगलीला कॉलेजात होता, आदल्या संध्याकाळी आलेला. त्याला शीगसुद्धा लावता येईना, निम्मा तांदूळ जमिनीवर गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पिशवीवाल्या बाईचं तांदळाकडं लक्षच नव्हतं, ती मला खालून वरपर्यंत न्याहाळत होती. दुपारी आव्वा माझ्या कानाशी लागून म्हणाली, "नेसरीची माणसं होती ती. पसंत पडलीस हं!"

म्हणजे मी दुकान उघडायला उभी नव्हते, बघायला आलेल्या माणसांपुढं उभी होते. आणि आमच्या आजऱ्याच्या दुकानाचं पहिलं गिऱ्हाईक माझी सासू. आता सांगताना गंमत वाटते. तेव्हा मी गोदामात पोत्यांच्या मागं बसून तोंडात पदर कोंबून रडले.

लग्न झालं. माणसं चांगली होती, खोटं कशाला बोलू? वरात ह्या दाराशी आली, आणि उंबऱ्यावर ओलांडायला तांदळानं भरून ठेवलेलं माप बघते तर आमचं मापटं! अप्पांनी स्वतः सासूबाईंच्या हातात दिलेलं. दुकानात त्याला चुकून पाय लागला तर आम्ही हात लावून डोळ्यांना लावायचो. आणि त्याच मापट्याला आता पायानं लवंडायचं! मी खाली बघून अंगठा लावला. तांदूळ घरात सांडला. मनात म्हटलं, झालं अप्पा, माझ्याच पायानं दुकान लवंडून घेतलंत.

मापटं मग इथंच राहिलं. कुठंही नवीन शाखा निघाली की महांतेश आदल्या दिवशी यायचा, मापटं न्यायचा, आणि दुसऱ्या दिवशी अप्पा ते न चुकता परत पाठवायचे. लेकीला दिलेली वस्तू परत घेऊ नये म्हणून पाठवत असतील, असं मी समजायचे. प्रत्येक खेपेला मी ते चिंचेनं लख्ख घासून द्यायचे. मापटं उद्घाटनाला जायचं, मी इथं भाकरी थापायचे.

हे सगळं त्या सकाळी एकदम आठवलं. म्हटलं, "अप्पा, सरळ बोला की. महांतेशनं पुढं पाठवलंय न्हवं तुम्हाला? मापटं न्यायला?"

"मी तांदूळ मागितला."

"तांदूळ काय करायचाय तुम्हाला? दुकान घेतलंत, आता मापटं पण न्या! काचेत ठेवा, दिवा लावा, हार घाला!"

माझा आवाज चढला होता. समोरच्या घरातली बाई खिडकीशी आली. मी तशीच आत गेले, तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला, मापटं उपसून काढलं आणि आणून अप्पांच्या समोर कट्ट्यावर आपटलं. "घ्या."

अप्पांनी मापट्यात डोकावून बघितलं. चेहरा अगदी शांत.

"रिकामं काय देता, बाई?" ते म्हणाले. "सकाळच्या पारी गिऱ्हाईक असं परतवतात व्हय?"

आणि उठून उभे राहिले. पिशवी झटकली, दोन्ही हातांनी तिचं तोंड उघडलं आणि उंबऱ्यापलीकडं धरून थांबले. दुकानदाराच्या पोरीनं असं उघड्या पिशवीपुढं उगं उभं राहायचं नसतं. ते अंगातच भिनलेलं असतं. माझा राग कुठल्या कुठं गेला. मी डबाच सोप्यात ओढत आणला. मापटं भरलं.

"शीग?" अप्पांनी विचारलं.

"लावते की. घाई काय आहे?"

शीग लावली. चार दाणे ओघळले. वास सुटला. इतक्या वर्षांत त्याच डब्यातनं रोज तांदूळ काढत होते, पण तो वास त्या दिवशीच आला बघा. मी उंबऱ्याच्या आतनं वाकून पिशवीत माप ओतलं. अप्पांनी खिशातनं एक नोट काढून पुढं केली. मी ती घेतली आणि काही कळायच्या आत, सवयीनं, कपाळाला लावली.

दोघं पण एकमेकांकडं बघत राहिलो. अप्पांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ओठांवर मात्र एखादा सौदा साधल्यावर यायचं ते हसू.

तेवढ्यात गल्लीत गाडी वाजली. महांतेश धावतच आला. बिचारा घामाघूम.

"अप्पा! हितं हाय व्हय तुम्ही? सगळं गडहिंग्लज पालथं घातलं! अक्का, एक फोन तरी करायचास. चला, चला, उशीर झालाय. माप कुठाय? हां, हे काय काढूनच ठेवलंयस."

त्यानं हात पुढं केला. मी मापटं द्यायला उचललंही होतं.

"थांब," अप्पा म्हणाले. "ते हलायचं नाही. भवानी झालीय."

"कुठं झालीय?"

"इथं. आत्ताच."

महांतेशनं माझ्याकडं बघितलं, मग अप्पांकडं. समजावणीच्या सुरात म्हणाला, "अप्पा, हे अक्काचं घर आहे. मास्तरांचा सोपा हाय हा. दुकान नव्हं."

"गिऱ्हाईक आलं. माप भरलं, शीग लावली. पैसा कपाळाला लावला. आणि काय असतंय रे दुकानात?" अप्पांनी पिशवी वर करून दाखवली. "मी घेतलाय की तांदूळ."

"अहो, चारचा मुहूर्त आहे! पाहुणे दुपारपासनं यायला लागतील. अक्का, तू तरी सांग की त्यांना. त्यांना काही सुधरत नाही हल्ली, तुला म्हटलं होतं ना मी?"

आता दोघंही माझ्याकडं बघत होते. अप्पा भ्रमात होते की शुद्धीत, ते मला त्या घडीला देवाशप्पथ ठाऊक नव्हतं. भ्रमात असतील तर भावाच्या सगळ्यात मोठ्या दिवशी मी खुळेपणाला साथ देणार होते. महांतेश वाईट नव्हता हो. त्यानं मापटं कधी माझ्या हातातनं हिसकावून घेतलं नव्हतं, आजऱ्यात अप्पांनी आणि पुढं मीच ते त्याच्या हातात दिलेलं. पण मला ते पाहिजे होतं. ती एक सकाळ मला पाहिजे होती.

"भवानी झालीय, महांतेश," मी म्हटलं.

त्यानं हात मागं घेतला. कितीही मार्ट काढले तरी शेवटी बेळगुद्र्यांचंच रक्त. भवानी झालेलं माप मुहूर्ताच्या दिवशी हलवायची त्याची पण छाती नव्हती. कपाळ पुसत म्हणाला, "बरं. ऱ्हाऊ दे. कोल्हापुरात भांड्याच्या दुकानात मिळंल एखादं तसलंच. काचेत ठेवायला कुठलं का असंना." आणि गाडी वळवून घ्यायला गेला.

अप्पा पायऱ्या उतरायला लागले. मी धरायला गेले, तर हात बाजूला केला आणि तिथंच थांबले.

"सुमी."

सकाळपासनं पहिल्यांदा त्यांनी मला नावानं हाक मारली.

"मी खुळा झालेलो नाही. लोकांना वाटतंय, वाटू दे. आजऱ्यात तुझ्या हातनं मापटं काढून घेताना मी तुझ्याकडं बघू शकलो नाही. तुला दिसलं नसंल."

"दिसलं होतं," मी म्हटलं.

"म्हणून तर ते तुझ्यापाशी ठेवलं. दुकान द्यायची ताकद झाली नाही मला. घरात तुझी आव्वा ओरडत होती, भाऊबंद हसत होते. माप तेवढं दिलं. तुला कळंल वाटलं होतं."

"नाही कळलं, अप्पा. मला वाटलं, तुम्ही लवंडायला लावलंत."

त्यांनी मान हलवली. मग पिशवीची दोन टोकं गाठ मारून बांधली, छातीशी धरली आणि गाडीकडं चालू लागले. माझ्या तोंडातनं, आजोबांच्या फळीमागं उभं राहून हजारदा म्हटलेलं, आपोआप बाहेर पडलं, "या हं पुन्हा!"

"येतो की," अप्पांनी हात वर केला. "तांदूळ चांगला निघाला तर."

तो तांदूळ त्यांनी कुणाला शिजवू दिला नाही, असं महांतेशच्या बायकोनं मला पुढं सांगितलं. पिशवी तशीच गाठ मारलेली उशाशी असायची. श्रावण लागायच्या आत अप्पा गेले.

कोल्हापूरच्या दुकानात काचेच्या पेटीत नवं पितळी मापटं आहे. त्याला लिंबानं घासून ठेवतात, लोक आत शिरताना नमस्कार पण करतात. मी एकदाच गेले होते. सामान टोपलीत भरलं आणि रांगेत उभी राहिले. छान आहे दुकान, गारेगार. वास मात्र कसलाच येत नाही.

आमचं मापटं इथं स्वयंपाकघरात आहे. मास्तर रिटायर झाले, पोरं पुण्याला गेली, दोघांच्या भाताला वाटीभर तांदूळ पुरतो. तरी सकाळी मी मापटं काढते, भरते, शीग लावते आणि दाराकडं एकदा बघून घेते. मग जास्तीचा तांदूळ परत डब्यात ओतून झाकण लावते.